जैतुनबीचे सात गुलगुले

वर्गात झोपणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करत असे. लोणावळ्याच्या शाळेत इतकी वर्षं मास्तरकी केली, त्यात किती पोरं उभी केली ते आठवत नाही. युनूस मात्र आठवतो, कारण तो उभ्या उभ्याही झोपायचा. भिंतीला खांदा टेकवायचा, तोंड किंचित उघडं, आणि सगळा वर्ग एकोणतिसाचा पाढा ओरडत असताना हा स्वस्थ. मी त्याला कुंभकर्णाचा नातू म्हणायचो. पोरं खिदळायची, मलाही आपण फार विनोदी आहोत असं वाटायचं. खरं म्हणजे तो जैतुनबीचा नातू होता. मला तेव्हा थोडी अक्कल असती तर पोरांना हसवण्याऐवजी मी तिला शाळेत बोलावून घेतलं असतं.

ही हकिगत जैतुनबीची आहे. तिच्यात मी कुठे येतो ते पुढे सांगावं लागणारच आहे, आणि ते सांगायचं म्हणूनच इतक्या वर्षांनी लिहायला बसलो आहे.

वळवणचं धरण बांधलं जात होतं त्या दिवसांत जैतुनबी तिशीची असेल. तिचा नवरा नूरमहंमद कामावर बैलगाडी हाकायचा. देशावरून, कोकणातून हजारो माणसं आली होती. पुरुष दगड फोडायचे, बाया मुरूम वाहायच्या. बायांबरोबर तान्ही पोरं असायची, आणि पोर रडलं की बाई पाटी टाकून धावायची. मुकादमाला ते खपत नसे. तेव्हा जैतुनबीने एका उंबराखाली पोरं सांभाळायला सुरुवात केली. फांद्यांना झोळ्या बांधल्या. दोनाच्या दहा झाल्या, दहाच्या तीस. सकाळी आया पोरं टाकून जायच्या, दुपारी अंगावर पाजून जायच्या, दिवेलागणीला घेऊन जायच्या. बदल्यात कोणी मूठभर तांदूळ द्यायची, कोणी चार गोवऱ्या. तीस झोळ्या, आणि झाडाखाली हूं की चूं नाही. जैतुनबीच्या झाडाखाली पाखरूसुद्धा रडत नाही, असं सगळ्या छावणीत म्हणत.

याचं कारण तिच्या कनवटीच्या पितळी डबीत होतं. डबीत बाळगोळी असायची, म्हणजे अफूची बारीक गोळी. आजच्या शहाण्या वाचकांनी लगेच नाकं मुरडू नयेत. त्या वेळी बाळगोळी दुकानात उघड मिळायची. आमच्या सोवळ्यातल्या घरातही देवघराच्या फडताळात ती असायची, आणि तीन वर्षांचा होईपर्यंत मलाही दिली होती असं आई मोठ्या कौतुकाने सांगायची. फरक एवढाच की जैतुनबी हे काम फार हुशारीने करायची. तान्ह्याला राईएवढी, रांगत्याला तिळाएवढी. करंगळीच्या नखावर घेऊन स्वतःच्या बोटाने पोराच्या टाळूला लावायची. पोर चालायला लागलं की गोळी तोडायची, तीही एका दिवसात नाही. वीस-वीस दिवस रोज थोडी कमी करत जायची. "एकदम तोडली की पोर फुटतं," असं ती म्हणायची, म्हणजे जुलाबांनी हैराण होतं. तिच्या हातून एक पोर दगावलं नाही, आणि याचा तिला अभिमान होता.

धरण झालं, माणसं पांगली. मानमोडीच्या साथीत नूरमहंमद गेला. जैतुनबी वळवणातच राहिली. लोहमार्गाची खडी होती, बंगल्यांची बांधकामं होती, तेव्हा झोळ्यांना तोटा नव्हता. तीन वर्षांनी तिची एकुलती एक मुलगी नसीम बाळंतपणात गेली. जावयाने दुसरं घर केलं. मागे राहिला युनूस.

दुसऱ्यांच्या पोरांच्या गोळ्या जैतुनबीने वेळच्या वेळी तोडल्या. घरच्याची तेवढी राहून गेली. शेळीचं दूध त्याला पचत नव्हतं, गोळी कमी केली की तो रात्रंदिवस रडायचा. तो रडला की झोळ्यांतली सगळी जागी व्हायची, आणि त्या पोरांच्या जिवावर तर घर चालायचं. आज तोडू, उद्या तोडू म्हणता म्हणता तो पाच वर्षांचा झाला आणि स्वतःच्या तोंडाने मागायला लागला. मागितल्यावर नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही. माझ्या वर्गात भिंतीला टेकून झोपायचा तो हा युनूस.

तिसरीतून त्याने शाळा सोडली. स्टेशनवर हवा खायला येणाऱ्या लोकांचं सामान उचलायला लागला, आणि तिथे त्याला नानीच्या डबीची गरज उरली नाही. मोठ्यांच्या संगतीत त्याने स्वतःची सोय केली. तेराव्या वर्षी तुंगार्लीच्या बाजूच्या एका बंद बंगल्यातून पितळेचे दोन दिवे चोरले. चोरले म्हणजे काय, बंगल्याबाहेरसुद्धा गेला नाही. दोन्ही दिवे मांडीवर घेऊन ओसरीवरच झोपला. सकाळी माळ्याने त्याला हलवून जागं केलं आणि पोलिसात दिलं.

अशा मुलांचं कोर्ट पुण्याला वेगळं होतं. मावळातल्या मुलांवर देखरेख करायला तिथल्या एका मंडळाने माझं नाव घातलेलं होतं. मान मोठा, काम थोडं, म्हणून मी हो म्हटलं होतं. मॅजिस्ट्रेटसाहेब शांतपणे बोलले. मुलाला एक महिना पुण्याच्या सुधारगृहात ठेवा. महिन्याअखेर तिथल्या डॉक्टरने अफू सुटल्याचा दाखला दिला तर मास्तरांच्या देखरेखीखाली आजीकडे परत पाठवा. दाखला मिळाला नाही तर दक्षिणेकडे दोन दिवसांच्या वाटेवर एक शाळा आहे, तिथे वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. एका महिन्यावर पाच वर्षं टांगलेली होती. जैतुनबीला मी हे तीनदा समजावून सांगितलं. तिला ते पहिल्याच वेळी कळलं होतं.

"एक म्हयना," ती म्हणाली. "यवढंच ना? काढंल त्यो."

दर रविवारी भेटीची मुभा होती. पहिल्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा युनूसला आत येऊन पाचवा दिवस होता. अंगणातल्या बाकावर त्याला आणून बसवलं. नाक वाहत होतं, सारख्या जांभया येत होत्या, हातावर काटा उभा होता, आणि दर थोड्या वेळाने पोट धरून तो परसाकडे पळत होता. मला वाटलं, पटकी झाली की काय. जैतुनबीने त्याच्या हनुवटीला हात लावून डोळ्यांत बघितलं.

"ह्यो आजार न्हाई मास्तर," ती म्हणाली. "ही तोड हाय. एका दिशी तोडलीया यांनी."

सुपरिंटेंडेंट होते माधवराव. माणूस सज्जन होता. मुलांना मारत नसे, त्यांच्याच पंगतीला जेवत असे. जैतुनबी त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. "साहेब, पोर फुटंल. तिळाएवढी द्या. मग अर्ध्या तिळाएवढी. म्या तीस पोरांची सोडवलीया. येकाला बी असं पोट लागलं न्हाई."

"बाई, ज्यासाठी मुलगा आत आला तीच वस्तू मी त्याला हाताने देऊ?" माधवराव म्हणाले. "डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. जुलाबावर खडूचं औषध चालू आहे. थोडा त्रास होणारच."

दोघांचंही मला पटत होतं, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. मी शिकलेला, चार कायदे वाचलेला, मध्ये उभा राहून दोघांकडेही मान हलवत होतो. निघताना युनूसने नानीचा पदर धरला तो सोडेना. कोंडाजी नावाचा वयस्कर पहारेकरी होता, त्याने एकेक बोट उघडून पदर सोडवला. बिचाऱ्याने हळूच सोडवला, पण सोडवला.

दुसऱ्या रविवारी गाडीत जैतुनबीच्या मांडीवर फडक्याची पुरचुंडी होती. कामशेत गेल्यावर तिने ती उघडून मला दाखवली. आत गुलगुले होते, गुळाचे, बडीशेप घातलेले. मला वाटलं, आग्रह करते आहे. मी हात पुढे केला तर तिने पुरचुंडी मागे घेतली.

"तुमी खाऊ नगा. खुणा बघा."

प्रत्येक गुलगुल्यावर नखाने चिरा पाडल्या होत्या. एकावर सात, एकावर सहा, असं करत शेवटच्यावर एक. सात चिरांच्या गुलगुल्यात सात तीळभर, एका चिरेच्या गुलगुल्यात एक तीळभर. सात दिवसांचे सात. "सातव्या दिशी पोर मोकळं हुईल," ती म्हणाली. "तुमच्या दाक्तराच्या कागदाला म्हयना व्हायला लय दिस हायेत. तवर त्याच्या अंगात काय बी ऱ्हानार न्हाई. मास्तर, तुमाला न सांगता न्हेलं असतं. पन तुमी माजं जामीन. तुमाला फसवून न्हाई न्यायचं मला."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. गेल्या रविवारचं पोर डोळ्यांसमोर होतं. तळेगाव आलं आणि गेलं. नाही म्हणायला माझ्याजवळ तोंड होतं, शेजारी साखळी होती, पुढच्या स्टेशनवर उतरता येत होतं. देहूरोडच्या अलीकडे मी म्हणालो, "त्याला नीट समजावून सांगा."

एवढंच म्हणालो, आणि माझ्या लेखी तो होकार होता. तिच्याही लेखी होता.

सुधारगृहाचा नियम असा होता की आणलेल्या खाऊतला पहारेकरी सांगेल तो एक तुकडा आणणाऱ्याने त्याच्यासमोर खायचा. कोंडाजीने पुरचुंडीत बोट फिरवलं आणि मधला एक पुढे केला. चार चिरांचा. जैतुनबीने तो शांतपणे चावून खाल्ला, वर पाणी प्यायली, आणि कोंडाजीची लेकरं कशी आहेत ते विचारलं.

मग बाकावर युनूसला जवळ घेऊन ती हळू आवाजात सांगू लागली. "येका दिशी येकच. सांच्याला. आदी सात चिरांचा, मग सा, मग पाच. चवथ्या दिशी काय न्हाई, त्यो म्या खाल्ला. त्या दिशी कळ काढायची. मग तीन, दोन, येक. कळलं?"

"व्हय नानी."

"म्हनून दाव."

त्याने बिनचूक म्हणून दाखवलं. माझ्या वर्गात त्याला कधी दोनाचा पाढा आला नव्हता. बोलताना त्याची नजर नानीच्या तोंडावर नव्हती, पुरचुंडीवर होती. ते मी बघितलं. बघितलं आणि मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

परतीच्या गाडीत चार चिरांच्या गुलगुल्याने जैतुनबी माझ्या समोरच्या बाकावर गाढ झोपली.

मंगळवारी शाळेत निरोप आला. युनूसने सहाच्या सहा गुलगुले रविवारीच संध्याकाळी एका बैठकीत खाल्ले होते. सोमवारी सकाळी तो उठेना. ओठ निळे पडलेले, श्वास मोजावा लागत होता. डॉक्टरने मिठाचं पाणी पाजून ओकवलं, काळी कॉफी पाजली, आणि झोपू द्यायचं नाही म्हणून दोन पहारेकरी त्याला काखेत धरून दिवसभर अंगणात चालवत होते. त्यातला एक कोंडाजी. पोर वाचलं.

पुढे फार वर्षांनी एका ओळखीच्या डॉक्टरशी बोललो. तो म्हणाला, बाराव्या दिवसापर्यंत त्याची निम्मीअधिक तोड उतरलेली असणार. अंगाची सवयही मोडत आलेली असते, म्हणून तर पूर्वीचा डोस एकदम अंगावर आला. आणखी आठ-दहा दिवस कळ काढली असती तर पोर आपसूक मोकळं झालं असतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. जैतुनबीला सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता, तिला सगळे विचारायला नाही, दटावायलाच बोलावत.

शुक्रवारी चौकशी झाली. आधी तिला पाच मिनिटं पोराच्या खाटेजवळ जाऊ दिलं. मी दाराबाहेर थांबलो होतो. आत कुजबूज चालली होती, ती मला ऐकू आली नाही. मग तिला माधवरावांच्या खोलीत उभं केलं.

"हे कोणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"माज्याच. म्या केलं, म्या भरलं, म्या दिलं."

"मास्तर तुमच्या बरोबर होते. त्यांना ठाऊक होतं?"

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो ते आजही मला खात्रीने सांगता येत नाही. जैतुनबी माझ्याआधी बोलली.

"मास्तरांना काय म्हाईत? ते गाडीत झोपल्यालं हुतं."

माधवराव माझ्याकडे वळले. "खरं आहे?"

"हो," मी म्हणालो. "मी झोपलो होतो."

नोकरी होती, नाव होतं, लग्नाची मुलगी होती, अशी सतरा कारणं मी स्वतःला नंतर दिली. त्या क्षणी यांतलं एकही मनात नव्हतं. नुसती भीती होती. माणूस किती लहान असतो ते त्याला स्वतःला फार उशिरा कळतं.

डॉक्टरच्या दाखल्याचा प्रश्नच उरला नाही. युनूसला दक्षिणेकडच्या शाळेत पाठवायचं ठरलं. जैतुनबीचं वय बघून तिला ताकीद देऊन सोडलं, आणि भेटीला कायमची मनाई केली. परत येताना गाडीत ती बराच वेळ स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघत होती.

"आजवर डबी माज्या कनवटीला असायची मास्तर," ती म्हणाली. "गोळी माज्या बोटावर. पोरांचे हात झोळीत बांधल्यालं असायचं. त्याच्या हातात म्या पयल्यांदाच दिली. ध्यानातच न्हाई आलं, की ह्याला हात हायेत."

तिने डबी वळवणच्या तलावात टाकली. झोळ्या बांधायचं सोडलं नाही, पण गोळी बंद. आता पोरं दिवसभर रडायची. म्हातारी एका झोळीकडून दुसरीकडे धावायची, गाणी म्हणायची, गुळाचं बोट चाटवायची. खडीवर जाणारी झुंबरबाई लहानपणी त्याच उंबराखाली झोपलेली. तिने आठ दिवस वाट बघितली आणि पोर उचललं. "मावशी, रडून रडून त्याचा घसा बसला," ती म्हणाली. "माजा जीव तिकडं लागत न्हाई. मुकादम हाजरी मांडत न्हाई. म्या काय करू सांगा." झुंबरबाईने दुकानातून गोळी आणून घरीच द्यायला सुरुवात केली, अंदाजाने. एकेक करत झोळ्या संपल्या.

दर महिन्याला जैतुनबी माझ्या दारात यायची. "मास्तर, अर्ज." मुलाला मुदतीआधी आजीकडे सोडावं असा अर्ज मीच करू शकत होतो, कारण कागदोपत्री देखरेख माझी होती. मी एक अर्ज केला. त्यावर उत्तर आलं की मागच्या प्रकरणाची मला असलेली माहिती पुण्यात हजर राहून प्रतिज्ञेवर सांगावी. मी ताप आल्याचं कळवलं. पुढच्या तारखेलाही कळवलं. मग कागद यायचे थांबले. जैतुनबीला मी सांगायचो, "अर्ज गेलाय, उत्तर येईल." ती मान हलवायची, पायरीवर घटकाभर बसायची आणि जायची. कधी उलटून बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

साडेचार वर्षं ती अशी आली. शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं, काठी टेकत यायची. मग एका आठवड्याच्या तापाने गेली. मी जनाज्याबरोबर कब्रस्तानापर्यंत चालत गेलो. लोक म्हणाले, मास्तरांचं मन मोठं.

तिच्यामागून पाच-सहा महिन्यांनी युनूस सुटून आला. अठरा वर्षांचा, उंच, सुतारकाम शिकलेला. अफू सुटली होती. घराला कुलूप बघून शेजाऱ्यांकडून जे कळायचं ते त्याला कळलं होतं. तिथून तो सरळ माझ्याकडे आला. मी ओसरीवर पेपर वाचत होतो.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलत सुटलो. नानीने किती वाट बघितली, किती अर्ज केले, सरकारी काम कसं असतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर," तो म्हणाला, "गाडीत तुमी झोपला न्हवता, हे मला त्याच रयवारी ठाव हुतं. नानीनं सांगितल्यालं, मास्तरांना इचारलंय म्हनून. पुन्यांदा खाटंजवळ आली तवा म्हनली, मास्तरचं नाव कुटं घिऊ नगंस. ते मोकळं ऱ्हायलं तर तेच तुला सोडवून आनतील." "तितं सा-सात जनांनी इचारलं मला. म्या न्हाई सांगितलं कुनाला. रोज दाराकडं बघायचो."

मी त्याला बस म्हणालो. तो बसला नाही. माझ्या भिंतीशी उभा राहून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि या खेपेला तो चांगला जागा होता.